घोरणं थांबल्यावर मोजायला लागा

कोल्हापुरात घोरण्याला कुणी आजार म्हणत नाही. तो चेष्टेचा विषय. "पावणं झोपलं की उसाचा ट्रॅक्टर चढाला लागल्यागत आवाज येतोय," असं सांगून हसायचं आणि महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये असा माणूस समोरच्या बर्थवर आला तर मिरज यायच्या आत नशिबाला बोल लावून मोकळं व्हायचं. वर कौतुकही असतंच. दिवसभर राबलेला गडी, घोरणारच. घोरतोय म्हणजे झोप गाढ लागलीय. हे शेवटचं वाक्य साफ चुकीचं आहे. घशातून हवा जायला वाट अपुरी पडते म्हणून माणूस घोरतो. गाढ झोपेशी त्याचा संबंध नाही. आणि खरी काळजी त्या आवाजाची नाही, आवाज मध्येच बंद पडतो त्याची. झोपेत घसा मिटून श्वास थांबतो, त्या आजाराचं नाव 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया'.

नाकाला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. या दोन्हींच्या मधली, टाळूमागून स्वरयंत्रापर्यंतची साधारण अर्ध्या वितीची वाट मात्र नुसत्या स्नायूंच्या भरवशावर उघडी असते. झोप लागली की स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ लोंबायला लागतात. वाट अरुंद झाली की हवा जोरात जाते आणि हे मऊ भाग फडफडतात. तेच घोरणं. शहाळ्यातली कागदी नळी भिजली की काय होतं ते आठवा. हळू ओढलं तर पाणी येतं, जोरात ओढलं की नळी चपटी होते आणि काहीच येत नाही. घशाचं तसंच होतं. छाती जितक्या जोरानं हवा ओढेल तितका घसा आत ओढला जातो.

आता रात्री दोनच्या सुमाराला अशा माणसाकडे पाच मिनिटं नीट बघू. उताणा झोपलाय. घोरणं एकेका श्वासाला चढत जातं आणि एकदम बंद. शेजारी जागी असलेली बायको मनात म्हणते, सुटलो. तिथंच मोजायला लागायचं. एक, दोन, तीन. आवाज नाही, नाकाशी हात धरला तर हवा लागत नाही, पण छाती आणि पोट हलतंय, तेही उलटसुलट: पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते. म्हणजे भाता चालू आहे, वारा येत नाही. दहा सेकंदांच्या पुढे गेलं की वैद्यकाच्या हिशेबात तो एक 'अ‍ॅप्निया' धरतात. पंधरा, अठरा, बावीस. मग घशातून 'घर्रर्र' असा हिसका, पाय झटकला जातो, माणूस कूस बदलतो, दोन-चार मोठे श्वास, आणि घोरणं पुन्हा पहिल्यापासून. बोटाला ऑक्सिमीटर असेल तर आकडा श्वास सुरू झाल्यावर घसरताना दिसतो. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तो मागून येतो. ९६ वरून ८४, मग परत वर.

त्या हिसक्याच्या वेळी मेंदू काही सेकंद जागा झालेला असतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. "मी घोरतच नाही," असं तो छातीठोकपणे सांगतो, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. या आजाराचा साक्षीदार नेहमी दुसराच असतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना "अवो, कुशीवर वळा की" असं रात्रीतून चारदा म्हणणाऱ्या माणसाला बरोबर न्यायचं. मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला तर उत्तम. नुसता आवाज नको, मंद दिवा लावून छाती-पोट दिसेल असा.

असे अडथळे तासाला किती येतात त्या आकड्याला एएचआय म्हणतात. त्यात पूर्ण बंद पडलेले श्वास आणि अर्धेमुर्धे दबलेले श्वास दोन्ही मोजतात. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा मेंदूला कुणीतरी गदागदा हलवतंय. आठ तास झोपूनही माणूस उठतो तो रात्रपाळी करून आल्यासारखा.

शरीर इतर मार्गांनी तक्रार करत असतं, पण ती तक्रार भलत्याच खात्यात जमा होते. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं: पित्त झालं असेल. चिडचिड, विसराळूपणा: वय झालं. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं: साखर नाहीतर प्रोस्टेट. ही शेवटची तक्रार मोठी फसवी. घसा बंद असताना छाती जोर लावते तेव्हा छातीच्या पोकळीत उणा दाब तयार होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. रक्त जास्त झालंय असा हृदयाचा समज होतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. मूत्रपिंडं बिचारी हुकूम पाळतात. प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असूनही फेऱ्या कमी होत नसतील तर हे तपासायला हवं. तसंच तीन-तीन गोळ्यांनी न हलणारं बीपी आणि हृदयाचे अनियमित ठोके. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे शब्द पहिल्यांदा घराघरांत वाचले गेले. पुढच्या आठवड्यात विसरलेही गेले.

आपल्या गावाचा खास धोका म्हणजे गर्दन. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींच्या मातीत घडलेली जाड मान हा इथं अभिमानाचा विषय, आणि योग्यच आहे. पण जोर-बैठका सुटतात तेव्हा खुराक त्याच दिवशी सुटत नाही. तूप, बदाम, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध चालू राहतं, आणि चाळिशीत तीच मान आतून चरबीनं भरत जाते. जिभेच्या बुडातसुद्धा चरबी साठते, हे लोकांना खरं वाटत नाही. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ साली आठ प्रश्नांची जी चाळणी काढली, त्यात मानेचा घेर हा एक प्रश्न आहे. शिंप्याची टेप कंठमण्याच्या पातळीवर, ताठ बसून, न आवळता धरायची. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर एक गुण. टेलर कॉलर सोळा इंच लिहीत असेल तर तुम्ही त्या रेषेवर आहातच. बाकीचे सात: बंद दाराबाहेर ऐकू जाईल असं घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलेलं, बीपी, ३५ च्या वर बीएमआय (साडेपाच फूट उंचीला सुमारे ९८ किलो), पन्नाशी उलटलेली, आणि पुरुष असणं. तीन 'हो' आले तर तपासणीचा विचार करा, पाच आले तर विचार करण्यात वेळ घालवू नका. बीएमआयची अट मात्र आपल्याकडे डोळे झाकून घेऊ नये. आपल्या लोकांत जबड्याची ठेवण लहान आणि चरबी पोटा-गळ्याशी, त्यामुळे ७५ किलोचा, बारीक दिसणारा माणूसही मध्यम-तीव्र निघतो.

भूलतज्ज्ञांना ही चाळणी का लागली, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. भूल आणि नंतरची वेदनाशामकं घसा आणखी सैल करतात. हर्नियाचं असो की गुडघ्याचं, कुठल्याही ऑपरेशनआधी "घोरताना श्वास थांबतो" हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचंच, आणि घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन (त्याबद्दल पुढे) वापरत असाल तर ते दवाखान्यात बरोबर न्यायचं.

दिवसाची झोप मोजायला मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली केलेली एक साधी पट्टी आहे: आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता ० ते ३, बेरीज १० च्या वर गेली तर जास्त. वाचत बसल्यावर, टीव्हीपुढे, सभेत, गाडीत तासभर मागं बसून, दुपारी आडवं झाल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर. इथवर डुलकी लागली तर माणूस म्हणू. पण समोरच्याशी बोलता बोलता, किंवा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी असताना डोळा लागत असेल, तर बेरीज करत बसू नका, आधी किल्ली दुसऱ्याकडे द्या. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्री ऊस ओढणारे, हायवेवर ट्रक चालवणारे यांच्या बाबतीत हा आजार एकट्याचा राहत नाही.

बायकांमध्ये चित्र वेगळं दिसतं. पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं, पण तक्रार घोरण्याची नसते. झोप लागत नाही, अंग मोडून येतं, उदास वाटतं अशी असते. मग थायरॉईड तपासून (तेही तपासावंच, थायरॉईड कमी असेल तर हा आजार बळावतो) झोपेची गोळी दिली जाते. काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी ढिले करतात. शिवाय बाई घोरते हे चारचौघांत सांगायचं कुणी? लहान मुलांत कारण बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी. मूल तोंड उघडं टाकून, मान मागं टाकून झोपतं, घाम येतो, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. दिवसा पेंगत नाही, उलट एका जागी बसत नाही. शाळेतून 'चंचल आहे' असा शेरा येतो. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गाठी काढल्यावर बहुतेक मुलं सुधारतात.

तपासणी म्हणजे झोपेची चाचणी. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर काढून सकाळी "९८ आहे की" म्हणणं हा पुरावा नव्हे. जागेपणी आकडा चांगलाच असतो. रात्रभराची नोंद लागते. छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ घरी लावायचं छोटं यंत्र देतात: नाकाखाली नळी, छातीवर पट्टा, बोटाला सेन्सर. साध्या, ठळक लक्षणांच्या माणसाला एवढं पुरतं. मोठ्या चाचणीत मेंदू, डोळे, हनुवटी, पाय, हृदय यांच्याही तारा लागतात. त्या रात्री केसाला तेल नको, कारण इलेक्ट्रोड चिकटत नाही. नखाला पॉलिश नको, दारू नको, दुपारची झोप नको. रोजच्या गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. घरच्या यंत्रात एक खोट आहे. तुम्ही खरंच झोपला होता की जागे होता हे त्याला कळत नाही. ते यंत्र चालू होतं तेवढे सगळे तास धरून भागाकार करतं. चार तास झोप आणि तीन तास तळमळ झाली तर एएचआय खोटा कमी येतो. लक्षणं ठळक आणि रिपोर्ट स्वच्छ असेल, तर रिपोर्टवर विसंबू नका, मोठी चाचणी मागा.

उपचारांत राजा म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवर पहिल्यांदा दाखवून दिलं की नाकातून सतत थोड्या दाबानं हवा सोडली तर घसा मिटत नाही. यात ऑक्सिजन नसतो, साधी खोलीतली हवा असते; हवेचाच टेकू. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. तो किती हवा हे चाचणीच्या रात्री ठरवतात, नाहीतर ऑटो मशीन दोन मर्यादांत स्वतः कमीजास्त करतं. दुकानदारानं अंदाजानं लावून दिलेला दाब घेऊ नका.

लोक सीपॅप टाकून देतात ते मशीनमुळे नव्हे, मास्कमुळे. त्यामुळे पैसे मशीनवर घालायच्या आधी डोकं मास्कवर घालावं. मिळालं तर महिनाभर भाड्यानं घेऊन दोन-तीन मास्क बघा. प्रकार तीन: नाकावर बसणारा, नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन गाद्यांचा, आणि नाक-तोंड झाकणारा. भरघोस मिशा असतील तर नाकावरचा मास्क मिशांवरून हवा सोडणार. तिथं नाकपुड्यांचा प्रकार बरा. मिशा काढायला सांगणारा विक्रेता कोल्हापुरात टिकणार नाही, आणि गरजही नाही. मास्क उभ्यानं लावून बघू नका. आडवं पडून, मशीन चालू करून, मगच पट्टे बसवायचे, कारण झोपल्यावर गाल पसरतात. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. हवा गळतेय म्हणून पट्टा आवळायचा ही पहिली चूक. सिलिकॉनची गादी हवेनं फुगूनच चेहऱ्याला चिकटते. आवळली की ती चपटी होते, जास्त गळते आणि नाकाच्या दांडीवर जखम होते. आवळण्याऐवजी मास्क चेहऱ्यापासून थोडा ओढून परत अलगद बसू द्या. रात्री डोक्याला तेल चोपडायची सवय असेल तर पट्टे सरकतात आणि तेलानं सिलिकॉन लवकर कडक होतं. तेल सकाळी लावा.

पहिल्या आठवड्यात काय बिघडतं, ते ठरलेलं असतं. सकाळी तोंड कोरडं ठणठणीत: तोंड उघडं पडून हवा निघून जातेय, ह्युमिडिफायर (मशीनचं हवा दमट करणारं पाण्याचं भांडं) वाढवा, नाहीतर नाक-तोंडाचा मास्क घ्या. पोट फुगून ढेकर: हवा गिळली जातेय; दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. डोळे लाल: गळती नाकाच्या दांडीशी. नाक चोंदतंय: झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे, आणि हवा कोमट-दमट करा. गुदमरल्यासारखं होतंय: रॅम्प नावाची सोय असते, मशीन ४ वर सुरू होऊन वीस-तीस मिनिटांत ठरल्या दाबावर जातं. गंमत अशी की काहींना त्या ४ वरच गुदमरतं, हवा कमी पडते म्हणून. त्यांना ६ वर सुरू केलं की बरं वाटतं. तरीही भीती जात नसेल तर संध्याकाळी टीव्ही बघताना नुसता मास्क लावून बसा, दोन दिवसांनी मशीन चालू करून. झोप हा प्रयोग करायची जागा नव्हे.

पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी, मेडिकलमधून आणलेलं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसतो; बसलाच तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी घालून भिजवा. उरलेलं पाणी रोज सकाळी ओता, मास्कची गादी रोज सौम्य साबणानं धुवा, नळी आठवड्याला, आणि सावलीत वाळवा. जुलै-ऑगस्टात नळी दोन दिवस वाळत नाही आणि वास धरते. दुसरी नळी असू द्या. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो: मशीन उशीपेक्षा खाली ठेवा, नळीवर कापडी खोळ घाला. वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी मॉडेल तपासून घ्यावं. जून २०२१ मध्ये एका बड्या कंपनीनं आतला फोम झिजून कण हवेत जातात म्हणून लाखो मशीन परत बोलावली होती.

किती वेळ लावायचं? पूर्ण रात्र. "चार तास लावलं तरी चालतं" हे कागदी मोजमाप आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि घसा त्याच वेळी सगळ्यांत सैल असतो. तीन वाजता मास्क काढून ठेवणारा माणूस नेमक्या वाईट तासांना उघडा पडतो. मशीनच्या पडद्यावर तीन गोष्टी बघत जा: तास, गळती आणि उरलेला एएचआय. तो ५ च्या खाली हवा.

बाकीचे उपाय आपापल्या जागी आहेत. उताणं झोपल्यावरच त्रास असेल तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा, माणूस आपोआप कुशीवर राहतो. सौम्य-मध्यम आजारात दंतवैद्य खालचा जबडा पुढं धरून ठेवणारी पट्टी मापानं करून देतात. दात मजबूत हवेत, सुरुवातीला जबडा दुखतो. वजन १० टक्के उतरलं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरतो, असं विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत २००० साली दिसलं. म्हणजे ६० चा ४४ होईल, ५ होणार नाही. तोवर मशीन लागणारच. वजन घटवणाऱ्या टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम. तांबड्या रश्श्याला उगाच दोष देऊ नका. दोष त्याच्या बरोबरच्या पेगाचा, आणि साडेअकराला जेवून बाराला आडवं होण्याचा. दारूनं घसा जास्त वेळ मिटतो आणि मेंदू उशिरा जागा होतो. नाकाचं वाकडं हाड सरळ केलं तर मास्क सोसवतो, पण तेवढ्यानं हा आजार क्वचितच जातो. नाकात तुपाचे थेंब, ऑनलाइन मिळणाऱ्या अंगठ्या यांचा घशाशी संबंध नाही. तोंडाला पट्टी चिकटवून झोपणं तर नाक चोंदलेल्या माणसाला धोक्याचं.

शंखाबद्दल मात्र हसू नका. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० जणांवर केलेला छोटा अभ्यास २०२५ मध्ये छापून आला: सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, किमान पंधरा मिनिटं शंख फुंकणाऱ्यांचे अडथळे तासाला चार-पाचांनी कमी झाले. घशाच्या स्नायूंची तालीमच ती. एएचआय १८ असलेल्याला उपयोगाची, ५० असलेल्याला पुरणारी नाही.

राहिली लाईट. मशीन तीस ते साठ वॅट घेतं, ह्युमिडिफायरसकट आणखी थोडं, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला जड नाही. लाईट गेल्यावर मास्कच्या छिद्रांमुळे कुणी गुदमरून जात नाही, माणूस जागा होतो. मास्क काढून ठेवायचा. २०१९ सारखा पूर आला आणि चार-चार दिवस वीज नसली, तर ह्युमिडिफायर बंद करून बॅटरी पुरवा. तीही संपली की खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उचला, कुशीवर झोपा, झोपेची गोळी आणि दारू टाळा, आणि शेजारच्याला सांगून ठेवा, आवाज बंद पडला की हलव म्हणून.